बातमीची पोच आणि बातमीला उत्तर : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ताई :
सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर दोन बातम्या जवळजवळ एकाच वेळी आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दादाने नोकरी गेल्याचे लिहिले आणि वहिनींनी मुलीला शिष्यवृत्ती मिळाल्याचे कळवले. पहिल्या संदेशाखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, दुसऱ्याखाली ‘अभिनंदन’ हा एकच शब्द एकापाठोपाठ एक उमटत गेला, आणि तेवढ्यात टाकीच्या सफाईची सूचना येऊन पाणी नेमके किती वेळ बंद राहणार यावर अशी काही चर्चा रंगली की संध्याकाळपर्यंत दोन्ही बातम्या वर सरकून दिसेनाशा झाल्या. यात कोणाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. पण आपण बातमीची पोच देतो आणि तिला उत्तर द्यायचे राहून जाते, असे मला वाटते. दादाला कोणत्या प्रकारचे काम हवे आहे, हे ग्रुपवर एकानेही विचारले नाही. मुलगी आता पुढे काय शिकणार, हेही नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येकाने लिहिलेच पाहिजे असे नाही, पण जो लिहील त्याने एखादा प्रश्न विचारावा किंवा आपल्याला नेमके काय करता येईल ते सांगावे. शिवाय आठ-दहा दिवसांनी ‘त्याचे पुढे काय झाले?’ असे विचारणारे कोणीतरी असावे. पहिल्या दिवशी धीर देणाऱ्यांची कधी वाण पडत नाही, नंतर मात्र सगळे आपापल्या व्यापात बुडतात आणि ज्याची अडचण आहे त्याची ती तशीच असते.

काका :
ताई, तुझे म्हणणे मला निम्मे पटते. हात जोडणारा माणूस बेफिकीर असतो असे धरून चालू नकोस. आपल्यापैकी अनेकांना समोर बसून सांत्वनाचे दोन शब्द सहज बोलता येतात, पण तेच लिहायला घेतले की कोरडे वाटू लागतात, आणि मग माणूस चिन्हावर भागवतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये संदेशावरच चिन्ह उमटवण्याची सोय दिल्यापासून तर काहीच न लिहिता हजेरी लावता येते. मी त्याला वाईट म्हणणार नाही. निदान आपले लिहिलेले वाचले गेले, एवढे तरी समजते.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. दोघांच्या संवादात वाचल्याच्या निळ्या खुणा बंद ठेवता येतात, ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. संदेश दाबून धरला आणि त्याची माहिती उघडली की कोणी वाचले, किती वाजता वाचले, याची यादीच समोर येते. ती यादी उघडून ‘याने सकाळीच वाचले आणि एक अक्षर लिहिले नाही’ अशी मनात नोंद ठेवणारी माणसे मला ठाऊक आहेत, आणि अशा नोंदींतून धरलेले अबोले वर्ष-वर्ष टिकलेले मी पाहिले आहेत. तेव्हा उत्तर कसे द्यावे याचा नियम करायचा असेल तर जो गप्प राहील त्याला गप्प राहू द्यावे, हाही त्याच नियमाचा भाग असू दे.

वहिनी :
मला आनंदाच्या बातमीबद्दल लिहायचे आहे, कारण दुःखाच्या बातमीचे काय करावे हे आपल्याला थोडेफार तरी कळते. मुलीच्या शिष्यवृत्तीचा संदेश मी लिहून पुसून टाकला होता, कारण त्याच्या जरासा वर दादांचा संदेश होता आणि त्याखाली आपला आनंद मांडणे मला बरे दिसेना. शेवटी मुलगीच म्हणाली की, आई, त्यांची नोकरी गेली म्हणून माझी शिष्यवृत्ती खोटी होत नाही.

शेली गेबल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विषयावर संशोधन प्रसिद्ध केले होते. चांगली गोष्ट दुसऱ्याला सांगितल्याने जो आनंद मिळतो तो त्या मूळ गोष्टीच्या आनंदात भर घालतो, असे त्यांना आढळले. मात्र ऐकणाऱ्याने त्यात मनापासून रस घ्यायला हवा. त्यांनी ऐकणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. एक जण उत्सुकतेने विचारतो, दुसरा मनातून खूश असूनही ‘छान’ एवढेच म्हणतो, तिसरा त्यातली उणीव दाखवतो आणि चौथा विषयच बदलतो. यांपैकी पहिल्याच प्रकारामुळे नाते घट्ट होते. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे लोक पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्यावर नाराज नाही. पण माझ्या संदेशाखाली एक उत्तर असेही आले की, ‘मिळाली हे छान झाले, पण तो अभ्यास फार कठीण असतो, तिला झेपेल का?’ लिहिणाऱ्यांचा हेतू काळजीचाच होता, याबद्दल मला शंका नाही. ते उत्तर मुलीने माझ्या आधी वाचले आणि फोन पालथा ठेवून ती आपल्या खोलीत निघून गेली. अशी शंका असेल तर ती मला फोन करून विचारावी, अभिनंदनांच्या मधोमध मांडू नये, एवढीच विनंती आहे.

दादा :
वहिनी, तुम्ही तो संदेश टाकलात हे बरेच झाले. त्या दिवशी ग्रुपवर वाचण्यासारखे तेवढे एकच काही होते.

माझ्याबाबत काय उपयोगी पडले आणि काय नाही, ते स्पष्ट लिहितो. कोणी वाईट वाटून घेऊ नये. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मनापासून लिहिलेले असते, पण ते वाचल्यावर सगळे काम माझ्याच अंगावर येते : काय मागायचे, कोणाकडे मागायचे, मागितले तर त्यांना अवघड तर वाटणार नाही ना, याचा विचार मीच करत बसतो. याउलट एकाने मला वेगळे लिहिले की, ‘आमच्या कार्यालयात दोन जागा रिकाम्या होणार आहेत, तुमचा बायोडेटा आज रात्री पाठवा, उद्या सकाळी मी तो योग्य माणसाच्या हातात देतो.’ तो मी तासाभरात पाठवला. त्याचे पुढे काही होईल की नाही ते होवो, पण त्या रात्री मला झोप लागली.

फोन करणाऱ्यांचेही आभार मानतो, तरी एक सांगायला हवे. नोटीस कधी मिळाली, किती महिन्यांचा पगार हाती दिला, घराच्या हप्त्याचे आता काय करणार, ही एकच कहाणी दिवसभर नव्याने सांगून संध्याकाळी मी स्वतःच तिला कंटाळलो. ‘जे होते ते चांगल्यासाठीच होते’ हे कदाचित खरे असेल, पण ते तिसऱ्या दिवशी ऐकवण्याजोगे नव्हे. आणि आपल्या भाच्याची नोकरी गेल्यावर त्याला दुप्पट पगाराची मिळाली, ही हकिगत मला इतक्या जणांनी ऐकवली आहे की सगळ्यांचा भाचा एकच असावा, असा मला संशय येऊ लागला आहे.

काका :
भाचा माझाच होता, आणि पगार दुप्पट नव्हता. ते सोडून दे.

तुझ्या कामाची एक गोष्ट सांगतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध आजही त्या क्षेत्रात आवर्जून वाचला जातो. ज्यांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली होती अशांना त्यांनी विचारले की, ती बातमी देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे. नेहमी भेटणाऱ्याकडून कळली असे सांगणारे १६.७ टक्केच निघाले, ५५.६ टक्के लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्याने आणि २७.८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याने सांगितली होती. कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. जिन्यात नुसती मान डोलावणारा माणूस मात्र वेगळ्या लोकांत वावरतो आणि त्याच्या कानावर वेगळ्या गोष्टी येतात. आपला ग्रुप म्हणजे अशाच मान डोलावणाऱ्यांचा मेळावा आहे. म्हणून तू पुन्हा एकदा लिही, पण या वेळी नोकरी गेल्याचे दुःख न लिहिता कोणते काम येते, किती वर्षांचा अनुभव आहे, केव्हापासून रुजू होता येईल, एवढे चार ओळींत लिही.

मावशी :
मी फारसे लिहीत नाही, पण आज लिहिते. आमच्या यांच्या आजारपणात मी ग्रुपवर मोठमोठे संदेश टाकत असे, आणि एकांनी मला ‘थोडक्यात लिहीत जा’ असे सुचवले होते. तेव्हापासून मी लिहिणेच बंद केले. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या प्रयोगाविषयी मी वाचले आहे. त्यात काही विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्या झाल्या त्यांना अधिकच उदास वाटले, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. दिवसभर रुग्णाजवळ बसलेल्या बाईला रात्री अकरा वाजता कोणाशी बोलता येते? मला कोणाचा सल्ला नको होता, मला ते कुठेतरी उतरवून ठेवायचे होते.

दुसरी गोष्ट याहून टोचणारी आहे. यांच्या तपासण्यांविषयी मी इथे विश्वासाने जे लिहिले त्याचे छायाचित्र कोणीतरी बाहेर पाठवले, आणि आमच्याच एका नातेवाइकाने ते मला परत दाखवले. ज्यांना आम्ही मुद्दाम काही कळवले नव्हते, त्यांना अशा रीतीने कळले. हे पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये.

काका :
मावशी, छायाचित्राचे झाले ते अतिशय चुकीचे झाले, त्यावर दुमत होण्याचे कारण नाही. प्रयोगाबद्दल मात्र मला एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्या विद्यार्थ्यांचे लिखाण गोपनीय होते. ते शंभर शेजाऱ्यांपुढे मांडलेले नव्हते. म्हणजे लिहिण्याने बरे वाटले, ग्रुपवर टाकण्याने नव्हे. तुम्हाला मोठे लिहायचे असेल तर जरूर लिहा, पण ते आधी आपल्या वहीत लिहावे आणि त्यातले आम्हाला सांगावेसे वाटेल तेवढेच इथे यावे, असे माझे मत आहे.

शिवाय लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईमेल पाठवणाऱ्यांना खात्री होती की आपण उपरोधाने लिहिले की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला चांगले ओळखता येईल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज निम्म्याहून थोड्याच वेळा बरोबर आला, तर तेच बोललेले आवाजात ऐकणाऱ्यांचा बराच अधिक वेळा. तुम्हाला ‘थोडक्यात लिहीत जा’ म्हणणाऱ्याला कदाचित तुमची दगदग वाचवायची असेल.

मावशी :
त्याला काय वाचवायचे होते ते तुम्ही सांगू नका, काका. वहीचे म्हणणे मात्र मान्य आहे.

ताई :
काका, गोपनीयतेचा मुद्दा बरोबर आहे, पण सगळ्यांना वहीकडे पाठवले तर या ग्रुपवर टाकीच्या सफाईखेरीज काही उरणार नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे दिसले की ज्यांचे माणसांशी असलेले संबंध बळकट होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती. तो आढावा प्रत्यक्षातल्या नात्यांचा आहे, ग्रुपवरच्या संदेशांचा नाही, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगते. ग्रुपवरून उठून कोणी कोणाच्या दारापर्यंत गेले तरच या ग्रुपचा काही उपयोग आहे, आणि कोणाच्या दारी जायचे हे कळण्यासाठी कोणीतरी इथे काही लिहायला हवे.

अ‍ॅडमिन :
सर्वांचे वाचले. माझ्या हातात असलेल्या गोष्टींपुरते लिहितो.

बातमी सूचनांच्या गर्दीत वाहून जाऊ नये म्हणून ज्याला मदत हवी असेल त्याचा संदेश मी त्याच्या संमतीने वर पिन करीन. पिन चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस ठेवता येते. आपण सात दिवसांची ठेवू, आणि पिन उतरेल त्या दिवशी ‘पुढे काय झाले?’ हे विचारण्याची आठवण मी ताईंना करून देईन. सूचना त्यांची आहे, तेव्हा कामही त्यांच्याकडेच राहील.

दुसऱ्याच्या आजाराचा, पैशाचा किंवा घरातल्या वादाचा संदेश ग्रुपबाहेर पाठवायचा नाही. हा नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवतो. आपोआप पुसले जाणारे संदेश चालू करावेत असे काहींनी सुचवले आहे, पण ते मी करणार नाही. छायाचित्र काढणाऱ्याला त्याने अटकाव होत नाही, आणि नव्वद दिवसांनी देखभालीचे हिशेबही निघून जातील. आपला संदेश नकोसा वाटला तर लिहिणाऱ्याला तो सुमारे दोन दिवसांच्या आत सर्वांकडून पुसता येतो. स्वतःला जमले नाही तर लगेच मला सांगावे, अ‍ॅडमिनला ग्रुपमधल्या इतरांचे संदेशही पुसता येतात. ज्यांना सततच्या आवाजाचा त्रास होतो त्यांनी ग्रुप आठ तासांसाठी किंवा आठवडाभर खुशाल मूक करावा. त्यावरून कोणी रुसू नये आणि वाचणाऱ्यांची यादी उघडून कोणी हजेरी घेऊ नये.

दादा, तुमच्या चार ओळी आल्या की लगेच पिन करतो.

मावशी :
मग माझेही लिहून घ्या. मला गुरुवारी दुपारी चार ते सहा बँकेत आणि दवाखान्यात जायचे आहे. तेवढा वेळ यांच्याजवळ कोणीतरी बसायला हवे. औषध देऊन जाईन, करायचे काही नाही, फक्त हे एकटे उठायला गेले तर हात धरायचा आहे.

दादा :
मावशी, पिन करायची गरज नाही. मी सध्या मोकळाच आहे, साडेतीनला येतो. येताना लॅपटॉप आणीन, तुमच्या यजमानांना झोप लागली तर बाजूला बसून माझे अर्ज भरून होतील.