कोलोरॅडोत जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेण्याआधी: वजन, डागडुजी आणि घाटातील ओढ

प्रश्न: ऑरोरा_नाशिककर

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोरा येथे राहतो. घरात आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत, आणि येत्या उन्हाळ्यात नाशिकहून माझे आईवडील तीन महिन्यांसाठी येणार आहेत. सर्वांना घेऊन डोंगरात राहता यावे म्हणून बावीस फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) पाहिला असून विक्रेत्याला अद्याप होकार दिलेला नाही. जाहिरातीत रिकामे वजन 4,000 पौंड लिहिले आहे आणि ट्रेलरवरील पट्टीनुसार भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा 5,200 पौंड आहे. आमच्याकडे 2019 ची व्ही-6 टोयोटा हायलँडर आहे आणि तिची ओढण्याची क्षमता 5,000 पौंड आहे. पूर्ण सामान न भरल्यास हे जमून जाईल असे विक्रेता म्हणतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही गाडी हा ट्रेलर आय-70 महामार्गावरून डोंगरापलीकडे सुरक्षितपणे नेऊ शकेल का? जुना ट्रेलर पाहताना नेमके काय तपासावे? आणि लिथियम बॅटरी व सौर पॅनेल लगेच बसवून घ्यावेत, की आधी दुसऱ्या कशावर खर्च करावा? आईला गुडघ्याचा त्रास आहे आणि वडिलांचे वय 71 आहे, त्यामुळे मला कोणताही धोका पत्करायचा नाही.

उत्तर: शिरोळकर_मिशिगन

नमस्कार. मी गेली अठरा वर्षे मिशिगनमध्ये वाहन उद्योगात काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. 5,000 हा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि चालकाचे दार उघडून खांबावरची पट्टी वाचा. माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन किती पौंडांपेक्षा अधिक नसावे हे तिच्यावर छापलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. त्यात चालक स्वतःही मोजला जातो आणि ट्रेलरचा जो भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर, येतो तोही मोजला जातो. बहुतेकांची गफलत याच ठिकाणी होते.

हिचवरचा हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. आमच्या शिरोळ भागात ज्यांनी उसाची बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. मोळ्या मागे जास्त रचल्या की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि बैलांना गाडी आवरत नाही. पुढे जास्त रचल्या तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचेही तसेच आहे. पुढचा भार 10 टक्क्यांखाली गेला की ठरावीक वेगानंतर तो शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो, आणि ही झुलण वाढत गेली तर पुढची गाडीही सोबत फिरते. त्यामुळे हिचवरचा भार कमी करण्यासाठी सामान मागच्या टोकाला ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका.

आता तुमचा हिशेब पाहू. 4,000 मध्ये दोन भरलेले गॅस सिलिंडर सुमारे 75 पौंड, बॅटरी 60, चाळीस गॅलन पाणी 332 (एका गॅलनला सुमारे 8.3 पौंड) आणि भांडी, अंथरुणे, कपडे, खुर्च्या मिळून 400 धरा, म्हणजे वजन 4,900 च्या आसपास जाते. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 610 पौंड तुमच्या हिचवर येतील. हिचवर स्वतंत्र पट्टी असते, तीही पाहा. 5,000 पौंडांच्या वर्गात ही मर्यादा बहुधा 500 असते. तुमच्या दारावरचा आकडा कृपया येथे लिहा, म्हणजे सहा माणसांसह बेरीज करता येईल.

शिवाय उंचीचा विचार करा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्क्यांनी घटते. आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे, म्हणजे तेथे पोहोचेपर्यंत इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते.

उत्तर: डोंगरवाट_लव्हलँड

मी कोलोरॅडोतच नऊ वर्षे ट्रेलर ओढतो आहे. शिरोळकरांनी चढाबद्दल लिहिले आहे ते बरोबरच आहे, पण मला उताराची काळजी जास्त वाटते. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सुमारे 7 टक्के उतार आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तेथे बाजूला खडीचे चढ बांधलेले आहेत. असे चढ हौसेने बांधत नाहीत. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय सतत ठेवू नका, थोडा वेळ ठामपणे दाबून सोडून द्या.

ट्रेलरचे स्वतःचे विजेचे ब्रेक चालू असलेच पाहिजेत, आणि त्यासाठी गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवा. गाडी जितकी मंदावते त्या प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लावणारा प्रकार घ्या, ठरावीक वेळाने लावणारा नको. ट्रेलर झुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरवरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही कळ कोठे आहे हे बोटांना न पाहता सापडले पाहिजे, म्हणून मोकळ्या मैदानात सराव करा.

ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या सुरक्षा साखळ्या नेहमी एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडून लावा, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचे तोंड त्यांच्या झोळीत पडते, रस्त्यावर आपटत नाही. ब्रेकअवेची बारीक तार मात्र साखळीला अडकवू नका, ती गाडीच्या वेगळ्या मजबूत जागी अडकवा. ट्रेलर सुटला तर ही तार पिन ओढते आणि ट्रेलरचीच बॅटरी त्याचे ब्रेक लावते. बॅटरी काढून ठेवलेला किंवा मेलेल्या बॅटरीचा ट्रेलर ओढणे यासाठीच धोक्याचे आहे.

आता तपासणीबद्दल. टायरची नक्षी पाहून फसू नका. बाजूला डॉट या अक्षरांनंतरच्या आकड्यांतील शेवटचे चार वाचा. 2317 असेल तर तो टायर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. ट्रेलरचा टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभा राहून म्हातारा होतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांनंतर तो बदलावाच लागतो. माझा सात वर्षांचा टायर नव्यासारखा दिसत होता; नेब्रास्काच्या वाटेवर जुलैच्या दुपारी तो फुटला आणि त्याच्या सुटलेल्या पट्ट्याने चाकावरची फरशी फाडून आतल्या कपाटाच्या तळापर्यंत भोक पाडले. गाडीत मागच्या सीटवर मुले बसलेली होती. त्या दिवसापासून प्रत्येक थांब्यावर मी चारही चाकांच्या मध्यभागी उष्णता मोजतो. एक चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागले तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक हे कारण असते. बेअरिंग वर्षातून एकदा किंवा 12,000 मैलांनंतर खोलून, धुऊन नव्याने ग्रीस भरून घ्या. बाहेरच्या निपलमधून पंपाने ग्रीस ठासण्याचा सोपा मार्ग मला पटत नाही, कारण सील सुटले तर ते ग्रीस थेट ब्रेकच्या अस्तरावर जाते. चाक पुन्हा बसवल्यावर नट टॉर्क पान्याने आवळा आणि पन्नास मैलांनंतर ते पुन्हा तपासा.

उत्तर: गळती_ओळखा

वरच्या दोघांनी चाकांखालचे सांगितले, मी छताचे सांगते. जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणी आहे. आम्ही पहिला ट्रेलर घेतला तेव्हा पुढच्या खिडकीखाली बोटभर रुंदीची तपकिरी रेघ होती आणि ती कॉफीचा डाग आहे असे आम्हांला सांगण्यात आले. दोन महिन्यांनी कोपऱ्यातील व्हिनाइल उचलले तर खालच्या प्लायचे थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे हाताने सुटून आले, आणि आतली लाकडी चौकट नखाने उकरता येत होती.

म्हणून शिडी सोबत न्या आणि छतावर स्वतः पाहा. पंखे, झरोके आणि कडांभोवतीचे सीलंट भेगाळलेले किंवा सुटलेले असेल तर तेथून पाणी शिरलेले आहे असेच समजा. आत प्रत्येक कोपरा, पलंगाखालची बाजू आणि न्हाणीची भिंत अंगठ्याने दाबा. बाहेरच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर आतले थर एकमेकांपासून सुटले आहेत. तो ट्रेलर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. घेतल्यानंतर वर्षातून दोनदा छत तपासा, आणि रबरी छतावर पेट्रोलियमयुक्त काहीही लावू नका.

हिवाळ्यापूर्वी सर्व पाणी काढून, वॉटर हीटरला बायपास करून नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) फिरवा. ऑक्टोबरातल्या एकाच रात्रीच्या गारठ्यात नळाचा जोड फुटू शकतो.

लिथियमबद्दल माझे मत असे की तो खर्च टायर, ब्रेक आणि सीलंट यांच्या नंतरचा आहे. लाभ खरा आहे: शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून निम्मेच वापरणे शहाणपणाचे असते, लिथियममधून जवळपास सगळे वापरता येते आणि वजनही निम्म्याहून कमी असते. पण शून्य अंश सेल्सियसखाली ती चार्ज करता येत नाही, आणि तुमच्याकडे बॅटरी बाहेर, ट्रेलरच्या तोंडावर उघड्यावर असते. जुना चार्जर तिच्यासाठी योग्य आहे का तेही पाहावे लागते.

प्रश्नकर्ता: ऑरोरा_नाशिककर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. विक्रेत्याला विनंती केल्यावर त्याने स्वतःचा पिकअप जोडून ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊ दिला. पिकअप एकटा 5,640 पौंड भरला. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या दोन्ही आसांवर मिळून 6,220 आणि ट्रेलरच्या आसांवर 4,010 आले. म्हणजे हिचवर 580 आणि ट्रेलरचे एकूण वजन 4,590, तेही टाकीत पाणी नसताना आणि कपाटे बव्हंशी रिकामी असताना. जाहिरातीतल्या 4,000 वर मी विसंबलो असतो.

माझ्या दारावरचा आकडा 1,350 आहे. आम्हा सहा जणांचेच वजन 760 होते.

उत्तर: शिरोळकर_मिशिगन

मग हा ट्रेलर या गाडीसाठी नाही. पाणी आणि सामान भरल्यावर तो 5,200 ला टेकेल आणि हिचवर साडेसहाशे पौंड येतील. त्यात माणसे आणि 80 पौंडांची हिच मिळवली तर दारावरचा आकडा बराच मागे पडतो. वजन वाटून देणाऱ्या हिचने मागून दबलेली गाडी सरळ दिसते, पण तिने पेलोड वाढत नाही, हेही सांगून ठेवतो.

3,500 पौंड कमाल मर्यादेचा लहान ट्रेलर पाहा. त्याचे 13 टक्के 455, हिच 60 आणि सहा माणसांचे 760 मिळून 1,275 होतात. गाडीत 75 पौंडच सामान बसेल, बाकीचे ट्रेलरमध्ये, बहुतांश आसांच्या वर आणि किंचित पुढे ठेवा. पाणी मुक्कामी पोहोचल्यावर भरा.

प्रश्नकर्ता: ऑरोरा_नाशिककर

त्या ट्रेलरला आज नकार कळवला. ग्रीलीजवळ 3,500 पौंड मर्यादेचा एक सतरा फुटी आहे, तो शनिवारी सकाळी पाहायला जात आहोत. आईवडिलांसाठी ट्रेलर लावतो त्या मुक्कामाच्या तळावरच लाकडी खोली घेऊ, म्हणजे आईला उंच पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. शिडी, टॉर्च आणि टायरवरचे आकडे लिहून घ्यायला वही सोबत घेतली आहे. जे दिसेल ते शनिवारी रात्री येथे लिहितो.