सतत कसली तरी काळजी, रिपोर्ट सगळे नॉर्मल... नक्की कोणाकडे जायचं?

सातारची_मी
नमस्कार मंडळी. वय ३४, बँकेत आहे, मुलगी पहिलीत. गेलं वर्षभर डोक्यात सतत काहीतरी चालूच असतं. नवरा पुण्याहून निघाला आणि खंबाटकीच्या आसपास फोन लागला नाही की माझ्या डोक्यात ॲक्सिडेंटपासून पुढचं सगळं होऊन जातं, मुलीला दोन शिंका आल्या की तेच, कॅश टॅली होऊनसुद्धा घरी आल्यावर वाटत राहतं की काहीतरी चुकलंय, आणि एखाद्या दिवशी यातलं काहीच नसेल तर आज सगळं बरं कसं काय याचीच धाकधूक. छातीत धडधड, मान-खांदे आखडलेले, पहाटे टक्क जाग. ईसीजी झाला, टूडी इको झाला, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणत रात्रीसाठी क्लोनाझेपाम लिहून दिली, झोप लागते पण सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सासूबाई म्हणतात सुख टोचतंय. नेटवर जनरलाइज्ड अँग्झायटी डिसॉर्डरबद्दल (जीएडी, सततच्या काळजीचा आजार) वाचलं तर जवळपास सगळं जुळतंय. आधी सायकियाट्रिस्ट की काउन्सेलर? गोळ्या सुरू केल्या की जन्मभर का? आणि दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटलं तर, ही पण काळजी आहेच (हसू नका).

पेठेतला_काका
ताई, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती. सकाळी अनुलोम-विलोम, संध्याकाळी रामरक्षा, मोबाइल बंद. गोळ्यांच्या नादी लागू नका, सवय लागते.

नाइट_ड्यूटी
काका, तुमच्या वेळीही होतं, फक्त "ती जरा घाबरट आहे" म्हणून सोडून द्यायचे. प्राणायाम जरूर करावा, पण उपचाराच्या ऐवजी नाही.

ताई, मी सायकियाट्रीत रेसिडेन्सी करतोय, इथे बसून डायग्नोसिस देणार नाही, पण सहा महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस, वेगवेगळ्या गोष्टींची आवरता न येणारी काळजी आणि जोडीला झोप-स्नायू-चिडचिड असं असेल तर दाखवायलाच हवं. धडधड खरीच असते हो, शरीर सतत अलार्म मोडमध्ये असतं, म्हणून तर माणसं आधी हार्टवाल्याकडे जातात. टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) आणि हिमोग्लोबिन झालं नसेल तर करून घ्या, थायरॉइड वाढलं असेल तरी हुबेहूब असंच होतं. डॉक्टर कदाचित जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून घेतील, २१ पैकी १० किंवा जास्त आले तर नीट तपासतात.

आता सवयीचं. काका म्हणतात ते खरंय, पण नेमकं तुम्ही घेताय त्या गोळीबद्दल! क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांची सवय लागते, त्या थोड्या दिवसांसाठी असतात. जीएडीच्या मुख्य गोळ्या म्हणजे एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन वगैरे. त्यांचं व्यसन लागत नाही पण बंद करताना हळूहळू डोस कमी करावा लागतो. आणि हे वाचून आज रात्रीपासून क्लोनाझेपाम एकदम बंद करू नका, रोज घेत असाल तर तीही डॉक्टरांना विचारूनच कमी करायची. दुसऱ्या मुलाचा विचार चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

वहीवाली
मी याच वाटेने गेलेय म्हणून लिहिते. एस्सिटॅलोप्रॅमचे पहिले काही दिवस मळमळ आणि उलट जास्तच अस्वस्थ वाटलं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून टिकले. फरक कळायला तीन-चार आठवडे जातात, बऱ्याच जणी त्याआधीच "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, जन्मभर वगैरे सगळ्यांनाच नाही.

पण मला खरं कामाला आली ती सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी थेरपी. माझंही नवऱ्याच्या फोनचंच होतं, उचलला नाही की लगेच दुसरा, मग त्याच्या मित्राला. थेरपिस्ट म्हणाल्या की फोन लागला की सुटल्यासारखं वाटतं ना, तेच तर काळजीचं खाद्य आहे. मग ठरलं की एकदाच लावायचा, नाही उचलला तर अर्धा तास थांबायचं, आणि त्या वेळात वहीत लिहायचं की मला काय होईल असं वाटतंय, आणि तो घरी आला की त्याच्यासमोर खरं काय झालं होतं ते. माझ्या वहीत उजव्या रकान्यात "चार्जिंग संपलं", "मीटिंग", "टोलला रांग" एवढंच आहे पानंच्या पानं. पहिल्यांदा तो अर्धा तास जीव नकोसा करतो, खोटं कशाला सांगू. काळजीसाठी संध्याकाळची ठरावीक वेळ ठेवणं पण त्यांनीच शिकवलं, दिवसा विचार आला की "सहाला बघू". ऐकायला येडपटपणा वाटतो, पण चालतो.

सरकारी_बाबू
खर्चाचं सांगतो. सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, वार विचारून जा. टेली-मानस १४४१६ हा केंद्र सरकारचा फुकट नंबर आहे, २०२२ पासून, चोवीस तास, मराठीत बोलतात, आणि तिथे ओळखीचं कोणी दिसायचा प्रश्नच नाही :) मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय असते, डॉक्टर बँकेला कळवत नाहीत. काउन्सेलर मात्र बघून निवडा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका, हल्ली आठवड्याचा कोर्स केलेलेही पाटी लावतात.

सातारची_मी
खूप आभार सगळ्यांचे, काका तुमचेही. टीएसएच उद्याच देते. वहीवाली ताई, सासूबाईंना काय सांगितलंत? आणि पहिलं कुठे, हे अजून नीट कळलं नाही.

नाइट_ड्यूटी
झोप उडालीये, बाकी तपासण्या झाल्यात आणि क्लोनाझेपाम चालू आहे, म्हणून तुमच्या बाबतीत आधी सायकियाट्रिस्ट. थेरपीसाठी तेच पुढे पाठवतील, नाही पाठवलं तर स्वतः मागा. जाताना गोळ्यांची स्ट्रिप आणि ईसीजी सोबत न्या.

वहीवाली
मी "झोपेच्या डॉक्टरांकडे जातेय" एवढंच सांगितलं. नवऱ्याला मात्र एकदा सोबत आत घेऊन जा, फोनचा नियम त्यालाही कळायला हवा, नाहीतर तोच दर दहा मिनिटांनी "पोचतोय, पोचतोय" करत बसेल.