नवशिक्याने अवघड गिटार सोलो शिकायला घ्यावा का?

शिकाऊ हात, परभणी

नमस्कार मंडळी. मी साधारण वर्षभरापासून अकॉस्टिक गिटार वाजवतो. साध्या कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), बॅरे कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून) आणि जुन्या हिंदी गाण्यांना साथ, एवढे आता बऱ्यापैकी जमते. अलीकडे ईगल्स या अमेरिकन बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या गाण्याच्या शेवटच्या सोलोने (गायन थांबून गिटारच पुढे होते तो भाग) मनात घर केले आहे आणि त्याचा टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणारे लेखन) उतरवून घेऊन मी तो जवळजवळ पाठ केला आहे. अडचण अशी की, कोणत्या तारेवर कोणता फ्रेट (मानेवरचा पडदा) दाबायचा हे सगळे ठाऊक असूनही ऐकणाऱ्याला गाणे ओळखू येत नाही. घरच्यांना तर मी अजून तारा जुळवतो आहे असेच वाटते. माझा वेग कमी पडतो म्हणून असे होत असेल का? की माझ्यासारख्याने हा नाद सोडून आधी दोन-तीन वर्षे स्केलच (सुरांचे क्रम) घोटाव्यात?

रात्रपाळी, वाळूज

वेगाचे कारण मला पटत नाही. मूळ गाण्याची लय मिनिटाला ७५ ठोक्यांच्या आसपास आहे आणि सोलोचा सुरुवातीचा भाग तर गुणगुणता यावा इतका सावकाश चालतो. टॅब वाचून सूर कुठून उचलायचा एवढेच समजते. तार ओढून तो कुठवर न्यायचा, किती वेळात न्यायचा आणि तिथे पोचल्यावर हलवायचा की स्थिर ठेवायचा, हे कागदावरच्या बाणातून उमगत नाही. या सोलोची सगळी भिस्त अशा ओढलेल्या सुरांवर आहे, त्यामुळे बेंड (तार ओढून सूर चढवणे) थोडासा जरी कमी पडला तरी आख्खी ओळ बेसूर होते. तुमचे घरचे बरोबरच ऐकत आहेत, असे म्हणावे लागेल.

आता पुढील गोष्ट करून पाहा. दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट वाजवा. तो एफ शार्प. तो कानात पक्का बसला की तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट, म्हणजे ई, अनामिकेने दाबा, मधले बोट तिच्या मागे त्याच तारेवर टेकवा आणि आधीचा सूर हुबेहूब मिळेपर्यंत तार वर ढकला. ढकलताना बोटांच्या पेरांवर जोर न देता मनगट फिरवावे, अंगठा गिटारच्या मानेवरून थोडा वर येऊ द्यावा. तर्जनी सातव्या फ्रेटवरच ठेवून दोन्ही तारा एकदम वाजवल्या, तर सूर जुळेपर्यंत आवाजात एक थरथर ऐकू येते आणि जुळताक्षणी ती थांबते. ही थरथर ओळखता येऊ लागली की शिक्षक जवळ नसला तरी फारसे अडत नाही. संपूर्ण सोलो सध्या बाजूला ठेवून एकच ओळ घ्या आणि यूट्यूबवर गती ०.७५ किंवा ०.५ करून ऐका. त्याने लय उतरते, पट्टी बदलत नाही.

सूरपेटी, अंबाजोगाई

मी गिटार वाजवत नाही. माझा मुलगा वाजवतो आणि माझा हात पेटीवर आहे. तरीही ऐकणारा म्हणून दोन गोष्टी सांगतो. बी हा षड्ज मानला तर ज्याला तुम्ही गिटारवाले बी मायनर पेंटॅटोनिक (पाच सुरांची स्केल) म्हणता ते सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी असे पाच सूर होतात, म्हणजे धानी रागाचेच सूर. तार ओढण्याची क्रिया ही मींडच (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) आहे, आणि मींड गळ्यातून आधी काढल्याशिवाय ती हातात उतरत नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. म्हणून प्रत्येक ओळ वाजवण्यापूर्वी ती सरगमने म्हणून पाहावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या गाण्याच्या आवर्तनात बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प अशा आठ कॉर्ड येतात. एफ शार्पमध्ये शुद्ध निषाद आहे, ई मेजरमध्ये शुद्ध धैवत आणि जी मेजरमध्ये कोमल धैवत. वाजवणारे त्या-त्या कॉर्डवर हे सूर घेतात, म्हणून पाच सुरांचा साचा घोटून बसणाऱ्याला नेमक्या त्याच जागी काहीतरी खटकते आणि काय खटकले ते कळत नाही. तेव्हा दोन-तीन वर्षे नुसत्या स्केल घोटाव्यात, या मताशी मी सहमत नाही.

तिसरी तार, नांदेड

वरच्या दोघांनी वादकाची चौकशी केली, वाद्याची कोणीच केली नाही. अकॉस्टिकवर बहुधा १२चा संच असतो (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात) आणि त्यातली तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेली असते. इलेक्ट्रिकवर ९चा किंवा १०चा संच असतो आणि तिसरी तार साधी असते. गुंडाळलेली जाड तार अख्खा एक सूर वर नेणे मुरलेल्या हातालाही कष्टाचे जाते. इलेक्ट्रिक मिळेपर्यंत १०चा संच लावून पाहा, नाहीतर नवव्या फ्रेटवरून अकराव्यावर सरळ घसरत जा. मींडेची मजा त्यात नाही, पण निदान सूर तरी खरा लागेल.

शिकाऊ हात, परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या गिटारवर १२चाच संच आहे, हे आत्ताच पाकिटावर पाहिले. सूरपेटी काकांनी सांगितलेली धैवताची जागा टॅबमध्ये सापडली. तिथेच मी दर वेळी अडखळत होतो. शेवटी जिथे दोन गिटार एकत्र धावतात, तो भाग एकट्याने वाजवता येतो का?

रात्रपाळी, वाळूज

दोन्ही ओळी एकट्याला येणार नाहीत, कारण ईगल्सचे गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांनी १९७६च्या त्या ध्वनिमुद्रणात एकमेकांना समांतर सूर लावले आहेत. त्यातली एकच ओळ घ्या. मला तर वाटते, तुमच्या गिटारवर सुरुवात या भागानेच करावी: तिथे ओढलेले सूर जवळजवळ नाहीत, प्रत्येक कॉर्डचे सूर सुटे करून उतरत्या क्रमाने वाजवले आहेत, आणि त्या कॉर्ड तुम्हाला आधीच येतात. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ४० ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला चार सूर घ्या आणि पिक (तार छेडायचा लहान तुकडा) एकदा खाली, एकदा वर असाच चालवा. एफ शार्पची जागा आली की मात्र घाई करू नका. तिथे बोटे लांब पसरावी लागतात आणि हात तिथेच गोंधळतो.