टेम्पो ट्रॅव्हलरचे ओएम ६१६ इंजिन : नुसत्या रिंगा बदलाव्यात की बोअर करून घ्यावे?

प्रश्न

माझ्याकडे १९९९ सालची टेम्पो ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन असून तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेले २.४ लिटरचे ओएम ६१६ डिझेल इंजिन आहे. पुण्याहून साताऱ्याला किराणा माल आणताना खंबाटकी घाट ती पूर्वी दुसऱ्या गिअरवर चढत असे, आता पहिला टाकावा लागतो. हजार किलोमीटरला ती सुमारे दोन लिटर ऑइल पिते आणि चालू इंजिनावर ऑइलचे झाकण काढले की धूर भसाभस बाहेर येतो. गॅरेजवाले ‘हाफ इंजिन’ सुचवतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग आणि हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) काम. बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या पोकळीला, हात लावण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. गाडी वडिलांनी घेतलेली आहे आणि मला ती आणखी बरीच वर्षे चालवायची आहे. त्यांचे ऐकावे का?

पहिले उत्तर

इंजिन खोलण्यापूर्वी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांतली फट, तपासून घ्यावेत. इंजिन थंड असताना इनटेक व्हॉल्व्हला ०.१० आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.३० मिलिमीटर फट हवी. ती कमी झाली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि दोष विनाकारण रिंगांच्या माथी येतो. त्यानंतर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन डिझेलच्या गेजनेच मोजावे.

दुसरे उत्तर

मी बोअरिंगचे, म्हणजे झिजलेले बोअर कापून थोडे मोठे आणि पुन्हा गोल करण्याचे, काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हेड उतरल्यावर बोअरच्या वरच्या कडेजवळ आतून नख फिरवून पाहा. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त होते आणि तिच्या वर न झिजलेल्या धातूची पायरी उरते. त्या पायरीत नख स्पष्ट अडकले, तर बोअर वर रुंद, खाली अरुंद आणि बहुधा अंडाकृतीही झालेले असते. अशा बोअरमध्ये नवी गोल रिंग सर्व बाजूंनी टेकत नाही आणि पायरीवर आपटून तुटण्याचीही भीती असते. प्रत्येक बोअरचा व्यास तीन उंचींवर, एकमेकींना काटकोनातल्या दोन दिशांनी, असा सहा वेळा डायल गेजने मोजून घ्या. बोअरिंग ठरलेच तर आधी पिस्टन हातात घ्या आणि ज्या सिलिंडरचा पिस्टन त्याच्याच मापाने ते बोअर करा, असे लेथवाल्याला बजावून सांगा. होनिंगनंतर (बोअरला दगडाने घासून बारीक रेघा पाडल्यावर) बोअर साबणाच्या गरम पाण्याने, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुवायलाच हवे. नुसत्या डिझेलने धुतल्यास दगडाची बारीक पूड रेघांत राहते आणि नव्या रिंगा तीच खाते.

प्रश्नकर्ता

टॅपेट ठीक होते, म्हणून काल हेड उतरवले. चारही बोअरमध्ये नख अडकले आणि तिसऱ्यात वरच्या व खालच्या मापात ०.२८ मिलिमीटरचा फरक निघाला. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापाहून तेवढे मोठे, पिस्टन मागवले आहेत. ते येईपर्यंत ब्लॉक लेथवाल्याकडे देणार नाही.