सिब्लिंग रायव्हलरी: भाऊबंदकी म्हणू की आणखी काही?

वेलांटी
आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी एक इंग्रजी पाठ मराठीत करून देतेय. काइन-हाबेल, याकोब-एसाव, लेआ-राहेल, योसेफ आणि त्याचे भाऊ, बायबलमधली ही सगळी भावंडं त्यात आहेत. शीर्षकात तीन शब्द: सिब्लिंग रायव्हलरी, बिटरनेस, रिकन्सिलिएशन. मी 'भाऊबंदकी, कडूपणा आणि समेट' असं लिहून मोकळी झाले. कच्चा मसुदा वाचून एका वडीलधाऱ्यांनी पहिल्याच शब्दावर काट मारली. म्हणाले, भाऊबंदकी म्हणजे जमीनजुमल्याचं भांडण, काइनाने हाबेलाचा कुठला बांध कोरला होता? 'कडूपणा' त्यांना चालला, कारण तो पवित्र शास्त्रात आहे, पण तो मलाच खटकतो. बोलताना आपण कडवटपणा म्हणतो ना? आणि 'समेट' वाचलं की संप मिटल्याची बातमी डोळ्यापुढे येते. तिन्हींवर मत द्या, पण खरी अडचण पहिल्याची आहे.

काना_मात्रा
वडीलधाऱ्यांचं बरोबर आहे, फक्त कारण त्यांनी अर्धंच सांगितलं. भाऊबंद म्हणजे एका कुळातले, चुलत-चुलते. सख्ख्या भावाची ओळख कोणी 'हे आमचे भाऊबंद' अशी करून देत नाही. आणि भाऊबंदकीला वाटणी लागतेच. बायबलमधली अस्सल भाऊबंदकी हवी असेल तर लूक १२:१३ काढा. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला सांगा, वतन वाटून दे म्हणून. येशू सरळ कानावर हात ठेवतो. मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं, असं विचारतो आणि लोभावर बोलायला लागतो. काइनाच्या गोष्टीत वाटणी नाही, वतन नाही. एकाचं अर्पण पसंत पडलं, दुसऱ्याचं नाही, एवढंच.

गप्पिष्ट
मग एसावाचं काय? त्याने याकोबाला विकलेला ज्येष्ठत्वाचा हक्क म्हणजे वाटणीच की. अनुवाद या पुस्तकात, २१:१७ प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. सख्खे भाऊ, तेही जुळे, आणि भांडण वाट्यावरून. आणखी काय पाहिजे भाऊबंदकीला?
आमची आजी तर आम्ही भावंडं खिडकीच्या जागेवरून भांडलो तरी 'झाली यांची भाऊबंदकी सुरू' म्हणायची. तिला कोणी शब्दकोश दाखवायला गेलं नाही.

शुद्धमती
आजीचा वापर गमतीचा होता, म्हणूनच तो लक्षात राहिला. गमतीचा अर्थ शीर्षकात बसवू नये. 'सहोदरस्पर्धा' हा नेमका, स्वच्छ शब्द आहे. तोच घ्यावा.

तळटीप
सहोदर म्हणजे एका उदरातले. योसेफ आणि त्याला विहिरीत टाकणारे भाऊ यांचा बाप एक, आया वेगळ्या. योसेफाचा सहोदर एकटा बन्यामीन, आणि तो त्या कटात नव्हताच. उत्पत्ती ४३:२९ मध्ये बन्यामीन दिसतो तेव्हा 'त्याच्या आईचा मुलगा' असं मुद्दाम म्हटलंय. म्हणजे या पाठातली जी सर्वांत मोठी गोष्ट, तिलाच तुमचा नेमका शब्द लागू होत नाही.

गप्पिष्ट
+१. शिवाय 'सहोदरस्पर्धा' म्हटलं की शेवटी बक्षीसवाटप असेल असं वाटतं.

डोंगरवाट
सगळे भाऊ-भाऊ करताय, लेआ आणि राहेल, याकोबाच्या बायका झालेल्या दोघी बहिणी, कुठे गेल्या? भाऊबंदकीत बहिणी बसत नाहीत. आमच्या दोन मावश्यांचं आयुष्यभर पटलं नाही, पण कोणी त्याला भाऊबंदकी म्हटल्याचं ऐकलं नाही. 'त्यांचं जरा आहे' एवढंच म्हणायचे. बायकांच्या भांडणाला शब्द देण्याइतकी किंमतही कुणाला वाटली नाही की काय!

तळटीप
डोंगरवाट, एक शब्द आहे, पण तो सांगितला तर तुम्ही चिडाल. लेवीय १८:१८ म्हणतं, बायको जिवंत असताना तिच्या बहिणीला करून आणून तिला सवत करू नये. तिथलं हिब्रू क्रियापद आणि १ शमुवेल १:६ मध्ये हन्नेला छळणाऱ्या पनिन्नेसाठी आलेला 'त्सारा' हा शब्द एकाच कुळातले. त्साराचा अर्थ चक्क सवत. म्हणजे याकोबाच्या घरात जे झालं त्याला नेमका मराठी शब्द सवतीमत्सर. पण राहेल स्वतः तसं म्हणत नाही. उत्पत्ती ३०:८ मध्ये ती आपली दासी बिल्हा हिच्या मुलाचं नाव नफताली ठेवते आणि म्हणते, मी माझ्या बहिणीशी कुस्ती खेळले आणि जिंकले. सवतीशी नाही, बहिणीशी.

डोंगरवाट
चिडले नाही. कुस्ती आवडली. पण मूल त्या दासीचं आणि कुस्ती जिंकली राहेल, हे कसं काय ते बिल्हेला विचारायला हवं.

वेलांटी
शीर्षकात 'भावंडांमधली कुस्ती' लिहिलं तर तरुण नक्की येतील! बरं, पहिला शब्द जरा बाजूला ठेवू. कडूपणा की कडवटपणा?

शुद्धमती
कडूपणा. इब्री १२:१५ मध्ये 'कडूपणाचे मूळ' आहे, इफिस ४:३१ मध्ये 'सर्व प्रकारचे कडूपण'. पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेला शब्द बदलण्यात काय हशील? शिवाय कडवट म्हणजे कट्टर असाही अर्थ होतो, 'कडवट कार्यकर्ता' वगैरे. घोळ होईल.

गप्पिष्ट
मला लहानपणापासून 'कडूपणाचे मूळ' म्हटलं की 'कडू बेणं' ही शिवीच आठवते. बेणं म्हणजे लावायचं मूळ, कांडं. अगदी तोच विचार! त्यातून कडू म्हणजे अनौरस, आणि इब्रीच्या त्याच अध्यायात आठव्या वचनात शिस्त न लागलेल्यांना अनौरस म्हटलंय. भाषांतरकारांना ही शिवी माहीत असणार, पैज लावतो.

काना_मात्रा
पैज हराल. ग्रीकमध्ये सरळ 'कडूपणाचं मूळ'च आहे, त्यात मराठी भाषांतरकाराने आपलं काही घातलेलं नाही. योगायोगाला व्युत्पत्ती म्हणू नये. (बेणं मात्र झकास.)

तळटीप
ते वचनही मुळात अनुवाद २९:१८ चं. तिथे विषारी, कडू फळ देणारं मूळ म्हणजे परक्या दैवतांकडे वळलेला माणूस. भावाभावांच्या रुसव्याफुगव्याशी त्याचा काही संबंध नाही. प्रवचनात आपण ते सर्रास 'मनात राग ठेवू नका' म्हणून वापरतो. पण इब्रीकर्ता पुढच्याच वचनात एसावाला आणतो, एका जेवणासाठी ज्येष्ठपणा विकणारा म्हणून. एसाव आणि कडूपणा ही जोडी जुनी आहे. उत्पत्ती २७:३४ मध्ये बापाचा आशीर्वाद याकोबाने लाटल्याचं कळल्यावर तो 'मोठा आणि कडू' टाहो फोडतो.
आता गंमत अशी की तिथे कडू आहे ते रडणं. 'बाबा, मलाही आशीर्वाद द्या' म्हणून फोडलेला हंबरडा. नवरा आणि मुलगे गमावलेली नामीसुद्धा रूथ १:२० मध्ये 'मला मारा म्हणा' म्हणते, मारा म्हणजे कडू, तेव्हा तिचा कोणाशी दावा नाही. ती दुःखी आहे. हिब्रूत माणूस कडू होतो तो बहुतेकदा दुःखाने. एसावाचा द्वेष सात वचनांनंतर येतो, २७:४१ मध्ये, आणि तिथे क्रियापद वेगळं आहे: सातम. मनात धरून ठेवणे, दिवस मोजत बसणे. बाप मरू दे, मग याकोबाला बघतो, असं. हे क्रियापद अख्ख्या जुन्या करारात सहा वेळा येतं. उत्पत्तीत ते ४९:२३ मध्येही आहे, पण भावांच्या तोंडी सापडतं ते ५०:१५ मध्ये. याकोब मेल्यावर योसेफाचे भाऊ घाबरतात: आता हा आपल्याशी 'सातम' करेल. तिथेही बाप गेल्यावर. म्हणजे सगळ्या पुस्तकभर भावांच्या मधे म्हातारा उभा आहे म्हणून चाललंय.
माझ्या मते पाठातल्या 'बिटरनेस'ला दोन शब्द लागतील. एक त्या रडण्याला आणि एक त्या धरून ठेवण्याला. एकाच कडूपणात दोन्ही कोंबले तर एसाव नुसता खुनशी दिसतो, आणि त्याच्यावर खरोखर अन्याय झाला होता हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

काना_मात्रा
सातमला 'डूख'. डूख धरणे. याहून चांगला शब्द मिळणार नाही.

शुद्धमती
डूख साप धरतो. देवाच्या वचनाच्या अभ्यासात योसेफाच्या तोंडी डूख?

काना_मात्रा
योसेफाच्या तोंडी कशाला, भावांच्या मनात. आणि उत्पत्ती ४:७ मध्ये पाप दाराशी दबा धरून बसलंच आहे जनावरासारखं. तिथे चालतं, इथे नाही?

डोंगरवाट
अढी? आकस? 'किल्मिष' फार सोवळं वाटतं. आमच्याकडे 'मनात ठेवू नको गं' एवढंच म्हणतात, काय ठेवू नको ते सांगतसुद्धा नाहीत.

वेलांटी
डूख लिहून ठेवलाय. आता समेट?

गप्पिष्ट
दिलजमाई! किती मोकळा शब्द आहे. समेटाला दोन वकील लागतात, दिलजमाईला दोन माणसं पुरतात.

शुद्धमती
दिल फारसी, जमा अरबी. उपासनेच्या भाषेत हे कशाला? समेट आपला शब्द आहे, सम् + एति, एकत्र येणे. मत्तय ५:२४ मध्ये 'प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर' हे सर्वांना मुखोद्गत आहे.

गप्पिष्ट
मग नाताळही काढून टाका, पोर्तुगीज आहे. पाद्रीही. आणि ते सम् + एति कुठून काढलंत? समेटून घेणे या हिंदीच्या बाजूने का नाही?

शुद्धमती
नाताळाला पर्याय नाही, दिलजमाईला आहे. हा फरक आहे.

तळटीप
व्युत्पत्ती तुम्ही दोघं बघा. मला वेगळंच सांगायचंय. मत्तय ५:२४ आणि २ करिंथ ५:१८-१९ या दोन्ही ठिकाणी आपण समेटच म्हणतो, पण ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. करिंथकरांना लिहिणाऱ्या पौलाचा 'कातालासो', मूळ अर्थ अदलाबदल, नाणी मोडून घेण्यासाठीही वापरला जायचा. देवाने जगाचा स्वतःशी समेट केला, यात पुढाकार सगळा एका बाजूचा. मत्तयातला 'दियालासोमाय' नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी आहे, आणि तिथे हुकूम माणसाला आहे: तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. नीट वाचा. राग तुझ्या मनात नाही, त्याच्या मनात आहे. तरी जायचं तूच. क्षमा करायला तो लागत नाही, एकट्याने करता येते. समेटाला तो लागतोच.

डोंगरवाट
हे आमच्या मावश्यांना कोणी तरी सांगायला हवं होतं. दोघी म्हणायच्या, 'मी केव्हाच माफ केलंय.' बोलत मात्र नव्हत्या.

काना_मात्रा
अबोला! हा शब्द अजून कसा आला नाही? उत्पत्ती ३७:४ बघा: भावांना योसेफाशी धड बोलवेना. आणि ४५:१५: तो त्यांच्या गळ्यात पडून रडला, 'मग त्याचे भाऊ त्याच्याशी बोलू लागले.' आठ अध्यायांचा अबोला सुटला. इंग्रजीत त्या वाक्यावरून माणूस सहज पुढे जातो, मराठीत अबोला हा शब्द असल्यामुळे अडखळतो. बोलू लागले म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

तळटीप
आणि ४:८. काइन हाबेलाशी बोलला, पण काय बोलला ते प्रचलित हिब्रू पाठात नाहीच. वाक्य अर्धवट. 'चल, शेतात जाऊ' हे प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी पाठात मिळतं.

गप्पिष्ट
काना_मात्रा, पण अबोला सुटला म्हणजे समेट झाला का? सतरा वर्षं याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) जगला, सगळे एकत्र, बोलणं-चालणं सुरळीत, आणि म्हातारा गेल्याबरोबर भाऊ पुन्हा थरथर कापतायत. योसेफ ते ऐकून रडतो. माझ्या मते त्याने क्षमा केली होती, भावांनी ती घेतलीच नव्हती.

शुद्धमती
तसं म्हणू नये. पन्नासाव्या अध्यायाचा शेवट पाहा, तो त्यांच्याशी ममतेने बोलतो. समेट पूर्ण झाला.

डोंगरवाट
त्याचं बोलणं आहे तिथे. भावांचं उत्तर कुठे आहे?

काना_मात्रा
याकोब-एसावाचंही तसंच. एसाव धावत येऊन मुके घेतो, दोघे रडतात, आणि याकोब 'तुमच्या मागोमाग सेईरास येतो' म्हणून सुक्कोथला निघून जातो. पुढे दोघे भेटल्याचं येतं ते एकदम इसहाकाला पुरताना. आपल्यात म्हणतात ना, जेवायला नाही गेलास तरी मातीला जा.

तळटीप
त्या मुक्यावरसुद्धा जुने यहुदी टीकाकार भांडलेत. 'मुका घेतला' या हिब्रू शब्दाच्या अक्षरांवर ठिपके दिलेले आहेत. एकाचं मत मनापासून घेतला, दुसऱ्याचं मत चावायला गेला होता, हिब्रूत दोन्ही शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात.

गप्पिष्ट
बघा, डूखच!

वेलांटी
इतकं झालं, पण पहिल्या शब्दाचं काय? बरं, आणखी एक अडलंय. लूक १५:३० मध्ये, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, थोरला भाऊ 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. तो टोमणा तरुणांपर्यंत कसा पोचवू?

डोंगरवाट
'हे तुमचे चिरंजीव'! कुठल्याही घरात पोराने उपद्व्याप केला की आई बापाला हेच म्हणते. टोमणा आपोआप पोचेल.

शुद्धमती
अनुवादात चालणार नाही. ग्रीकमध्ये नुसतं 'हा' आहे, त्यात तुच्छता आहे. चिरंजीवमध्ये खोटा आदर आहे. दोन वेगळे सूर.

गप्पिष्ट
मराठीत तुच्छता आदरार्थी बहुवचनातूनच जास्त बोचते, शुद्धमती. 'या, महाराज' आठवा.

तळटीप
पण मग बत्तिसाव्या वचनाचं काय कराल? बाप तेच वाक्य उलटवून परत देतो: 'हा तुझा भाऊ.' तोच 'हा'. तिसाव्यात चिरंजीव घातलंत तर इथे 'हे तुझे बंधुराज' म्हणावं लागेल, आणि बाप टोमणा मारत नाहीये.

डोंगरवाट
कशावरून मारत नाहीये?