कळस दिसला की पाय उचलतात

कुणीतरी म्हटलंय, 'ध्येय मोठं ठेवा, उत्साह आपोआप येतो.' माझा अनुभव उलटा आहे. ध्येय किती मोठं यापेक्षा ते किती जवळ दिसतं यावर पाय चालतात.

वारीत वेळापूरचा धावा पाहिलाय का? आळंदीहून इतके दिवस चालून तळव्याला फोड आलेले, आणि टेकडीवरून उताराला लागताच साठीच्या मावशीसुद्धा पदर खोचून पळतात. तुकोबांना तिथून पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका.

क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली हेच मांडलं, उंदरांवरून. खाणं जवळ आलं की उंदीर वेग वाढवतो. (वारकऱ्यांनी माफ करावं.) पुढे २००६ च्या एका अभ्यासात कॉफीची कार्डं वाटली: दर कपाला एक शिक्का, कार्ड भरलं की एक कप फुकट. काहींना १० शिक्क्यांचं कोरं कार्ड, काहींना १२ चं, पण २ शिक्के आधीच मारलेले. विकत घ्यायचे कप दोघांनाही १०च. तरी दुसऱ्या गटाने कार्ड लवकर भरलं!

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. फुकटचा कप मिळाला की नव्या कार्डावर वेग पुन्हा मंद. मी सहा महिने घासून २१ किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. घरी आल्यावर बूट धुऊन गॅलरीत वाळत घातले, ते दिवाळीच्या साफसफाईत बायकोने आत आणले. मधल्या काळात चिडचिड मात्र भरपूर. आता शर्यतीच्या आधीच पुढचीचे पैसे भरून टाकतो.