फोर-सीम फास्टबॉल डावीकडे कापतोय: आधी मनगट की पाऊल?

मदत हवी आहे. बेसबॉलमधला प्रश्न आहे. परभणीतला १६ वर्षांचा उजव्या हाताचा पिचर (चेंडू फेकणारा), होम प्लेटपर्यंतचं (फलंदाजाजवळची पाटी) अंतर पूर्ण १८.४४ मीटर. फोर-सीम (सरळ जायला हवा असा वेगवान चेंडू) शेवटी शेवटी त्याच्या डावीकडे कापतो, म्हणजे वळतो, दमल्यावर तर जास्तच.

पकड ठीक आहे: दोन्ही बोटं घोड्याच्या नालेसारख्या शिवणीवर आडवी, अंगठा बरोबर खाली, तळव्याशी फट. पण मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये चेंडू सुटताना बोटं मागून उजव्या कडेला सरकलेली दिसतात. टॉवेल ड्रिलनं (चेंडूऐवजी टॉवेल धरून फेकीचा सराव) फरक नाही. गुडघ्यावर बसून फेकला की चेंडू सरळ जातो! उभा राहिला की पुढचं पाऊल तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे त्याच्या उजवीकडे पडतं, म्हणून माझा संशय पावलावरच आहे.

माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) नाही, काळ्या मातीचं सपाट मैदान आहे. खांदा-कोपर दुखत नाही. कटर (मुद्दाम असा कापणारा चेंडू) सध्या शिकवायचा नाही.

आधी पाऊल होम प्लेटच्या रेषेत आणावं की मनगटावर काम करावं? आणि माउंडशिवाय त्यासाठी नेमका कोणता सराव घ्यावा?